पाकळ्यांचा ल, दांडीचा ल

वहिनी,

तुझ्या जाण्याची बातमी आपल्या वेबसाइटच्या पानावर मला लावावी लागली. गावात कोणाचं काही झालं की लोक फोटो घेऊन तुझ्याकडे यायचे, दुकानातल्या बाकावर बसायचे, आणि तू फार न विचारता चार ओळी टाइप करून द्यायचीस. या वेळी फोटो दादानं आणला. माझ्या हातात दिला आणि उभाच राहिला.

"काय लिहू?" मी विचारलं.

"तुला माहीत है काय लिहायचं. लिही."

मी तुझं नाव लिहिलं, मग गावाचं लिहिलं. पान चढवलं आणि दादाच्या फोनवर उघडून पाहिलं. तुझं नाव ठीक होतं, पण बुऱ्हाणपूर मोडलं होतं. र च्या पोटाखाली ठिपका, त्याचा पाय तुटलेला, आणि ह बाजूला एकटाच. दादाचा फोन जुना आहे, तुला माहीतच आहे. त्यानं त्या शब्दावर बोट ठेवलं.

"ये काय झालं?"

"आपला फॉन्ट नाही ना पानावर. फोन त्याच्याजवळची अक्षरं दाखवतो."

"का नाही?"

"काढला होता आम्ही दोघींनी. पुराच्या दिवशी."

"मग परत लाव ना."

त्याला काय सांगू? तो परत लावायचा की नाही, यावरच तर आपलं भांडण चाललं होतं. ते अर्धं टाकून तू गेलीस.

तू लग्न होऊन भुसावळहून इथं मध्य प्रदेशात आलीस तेव्हा मी कॉलेजात होते. तुला टायपिंग येतं, छापायच्या पत्रिकांची अक्षरं जुळवता येतात, एवढंच आम्हाला माहीत होतं. शनवारा चौकाजवळ दादानं तुला दुकान काढून दिलं, आणि लग्नाच्या पत्रिका, जावळाच्या पत्रिका, फ्लेक्स असं काम सुरू झालं. पहिल्या दिवशी रिक्षातून घरी येताना तू रस्त्यावरच्या पाट्या वाचत होतीस. मध्येच म्हणालीस, "तुमच्याकडे सगळीकडे दांडीचा ल आहे गं."

मी विचारलं, दांडीचा म्हणजे?

मग तू माझ्या तळहातावर बोटानं काढून दाखवलास. हिंदीतला ल उभ्या दांडीला टेकून असतो. मराठीतल्या ल ला दोन पाकळ्या असतात, मध्ये देठ, दांडी नाहीच. श सुद्धा दोन तऱ्हेचा, हिंदीतला गाठीचा. मला हसू आलं. आम्ही भावंडं हिंदी शाळेत शिकलो. घरात मराठी, वहीत हिंदी. मला दोन्ही ल सारखेच वाटायचे. तुला ते पटायचं नाही, आणि तुझं "तुमच्याकडे" मला पटायचं नाही. इतकी वर्षं इथं राहून, इथल्या बाजारात उभी राहून, इथल्या बायकांशी हिंदीत भांडूनसुद्धा तू "तुमच्याकडे" म्हणायचीस.

आणि तरी माझ्या बाजूनं तूच उभी राहिलीस. माझं लग्न ठरलं तेव्हा माझ्या लग्नपत्रिकेची अक्षरं तूच जुळवलीस. मी दुकानात आले तेव्हा ती तुझ्या स्क्रीनवर होती, माझं नाव मोठ्या अक्षरात. मी बाकावर बसले आणि म्हटलं, "वहिनी, मला हे लग्न करायचं नाही." माझी पूर्ण तयारी होती की तू का म्हणून विचारशील. तू विचारलंच नाहीस. फक्त म्हणालीस, "बरं झालं, अजून छापायला दिली नाही." दुपारी जेवायला बसल्यावर दादाला सांगितलंस, "पत्रिका मी छापणार नाही. दुसरीकडून छापून घ्या. पण मग नवरी पण दुसरीकडूनच आणा." दादाचा घास हातातच राहिला. घरात मोठं वादळ झालं, तुला नाही नाही ते ऐकावं लागलं, माहेरपर्यंत बोलणी गेली. तू एकदाही मला ते ऐकवलं नाहीस. मीही कधी त्याबद्दल बोलले नाही. आपण दोघी फक्त अक्षरांवरून भांडत राहिलो.

मी इंदूरच्या कंपनीचं वेबसाइटचं काम घरून करायला लागले तेव्हा पानाची कल्पना तुझीच. केळीचे रोजचे भाव, नदीचं पाणी, गावातल्या बातम्या, कोणाचं लग्न, कोणाचं निधन. सगळं मराठीत. "हिंदीत सगळं मिळतं इथं. मराठीत कोण देतं?" तू म्हणालीस. मी पान बांधलं, तू मजकूर लिहिलास. भावांमुळे शेतकरी रोज सकाळी पान उघडू लागले. नेपानगरहून, बहादरपूरहून लोक फोन करायचे, आज अजून भाव का नाही आले?

पण तुझं लक्ष भावांवर नसायचं. पहिल्याच आठवड्यात तू तणतणत माझ्या खोलीत आलीस. "वृषा, आपलं पान हिंदी आहे!"

"काहीतरीच. सगळं मराठीत तर लिहिलंय."

"वर बघ. पानाला भाषा सांगायची जागा असते ना, तिथं तू हिंदी लिहिलंस."

खरंच होतं. कंपनीचा साचा उचलला होता, त्यात ते तसंच राहिलं होतं. काही फॉन्टांमध्ये ल दोन्ही प्रकारचे असतात, पान मराठी आहे असं कळलं की ते पाकळ्यांचा काढतात. हे तू कुठून शोधलंस कोण जाणे. मी ते बदललं. थोड्या फोनांनी ऐकलं, बाकीच्यांनी नाही. बाकीच्यांत गावाचं नावही मोडायचं. मग तू म्हणालीस, आपला फॉन्ट आपणच पाठवायचा. कोणीही वापरावा, हवा तसा बदलावा म्हणून मोकळा ठेवलेला एक सुंदर मराठी फॉन्ट तू निवडलास. पान उघडलं की फोन आधी मजकूर आणायचा, मग मागून हा फॉन्ट. पण मधल्या क्षणात फोनची स्वतःची अक्षरं दिसायची आणि मग एकदम बदलायची. तुला ते सहन होईना.

"अक्षरं येईपर्यंत मजकूर झाकून ठेव," तू म्हणालीस.

"आणि नेट स्लो असेल तर?"

"तर दोन क्षण थांबतील. जेवण वाढायच्या आधी ताट पुसतोच ना आपण?"

मी वाद घातला, मग केलं. दिसायला पान देखणं होतं, हे मलाही कबूल होतं. कितीतरी महिने काही अडलं नाही.

मग तो श्रावणातला दिवस. वर बैतूलकडे सलग पाऊस चालू होता, इथं मात्र नुसतं आभाळ. दादा सकाळीच नदीपलीकडच्या मळ्यात गेला होता. तिथं केळीचे घड कापायचे होते, मजुरांची टोळी घेऊन. तो मळा तुला आठवतो, एका बाजूला नदी, दुसऱ्या बाजूला नाला. नदी फुगली की नाल्यात उलटं पाणी शिरतं आणि वाट बंद होते. दुपारी जेवणं उरकायच्या आत मेसेज आला की वरच्या धरणाचे दरवाजे उघडलेत, काठावरच्या लोकांनी निघावं. मेसेज हिंदीत होता आणि फोटोच्या रूपात होता. तो फोटो कोणाच्याच फोनवर धड उतरत नव्हता, नुसतं चाक फिरत होतं. सगळं गाव एकाच वेळी फोनवर होतं. दादाला फोन लागेना.

तू दुकानात उभ्याउभ्याच टाइप केलंस. दोनच वाक्यं होती. वरच्या धरणातून पाणी सोडलं आहे. नदीकाठच्या मळ्यांतून लगेच बाहेर पडा. मी ते पानावर सगळ्यात वर लावलं. आपल्या स्क्रीनवर लगेच दिसलं. मला वाटलं, झालं.

तेवढ्यात दुकानाच्या फोनवर बहादरपूरचा एक ओळखीचा शेतकरी बोलला. कसा काय लागला त्याचा फोन, देव जाणे. "ताई, तुमचं पान तो खुलतंय, पर लिखेलं काहीच दिसत नाही. कोरं है."

तू माझ्याकडे बघितलंस. दोघींनाही एकदमच कळलं. बारीकशा नेटवर मजकूर पोचत होता, फॉन्ट पोचत नव्हता. आणि फॉन्ट येईपर्यंत मजकूर झाकून ठेवायला आपणच सांगितलं होतं. लोकांच्या हातात आपली सूचना होती आणि तिच्यावर आपणच घातलेलं पांघरूण होतं.

"काढ," तू म्हणालीस.

"फक्त झाकण काढते, फॉन्ट राहू दे मागून..."

"फॉन्ट पण काढ. ती जड फाइल कशाला ओढतील लोकं? सगळं काढ. वृषा, काढ!"

मी घाईत एकेक ओळ खोडू लागले. एका ठिकाणी चूक झाली, पानच उघडेना. तू माझ्या खांद्यावर हात ठेवलास, जोरात दाबलास. मी पुन्हा केलं. पान आलं. तू दुकानातला सगळ्यात जुना फोन काढलास आणि त्यावर उघडलंस. अक्षरं आली. दांडीचा ल, गाठीचा श, आणि वर मोडकं बुऱ्हाणपूर. तू ते बघितलंस. मी तुझा चेहरा बघितला. मग तू म्हणालीस, "दिसतंय. बस." आणि परत दादाचा नंबर फिरवायला लागलीस.

लागला नाही. तू लावत राहिलीस. बाहेर लोक नदीवरच्या राजघाटाकडे धावत होते, कोणी पाणी बघायला, कोणी आपलं माणूस शोधायला. मी म्हटलं, चल आपण पण जाऊ. तू म्हणालीस, "तो आला तर दुकानातच येईल. मी इथून हलणार नाही." तू शटर धरून उभी होतीस. तुझे ओठ पांढरे पडले होते. तेव्हा पहिल्यांदा माझ्या मनात आलं की हिला सांगायला हवं, तू नसतीस तर मी आज कोणाच्या तरी घरी, कुठल्या तरी गावी... पण असल्या वेळी कोण असं बोलतं? मी पाण्याचा ग्लास आणून दिला. तू तो घेतला नाहीस.

दादा आला तो कमरेपर्यंत भिजलेला. ट्रॅक्टर नाल्यातच सोडून, घड मळ्यात टाकून, सगळी टोळी घेऊन. त्यानं सांगितलं, "भाव बघायला पान उघडलं तर कोरं. मला वाटलं नेट गेलं, ठेवून दिला फोन. मग मुकादमाच्या फोनवर आलं लिखेलं. तो ओरडला, भाऊ, चला." तू ऐकून घेतलंस. मग आत गेलीस, त्याच्यासाठी कोरडा टॉवेल आणलास आणि त्याच्या अंगावर फेकलास. फेकलासच, दिला नाहीस. मग मात्र बाकावर बसलीस ती उठेनास.

एवढं झाल्यावर फॉन्टचं नाव कोण काढेल, असं मला वाटलं होतं. पाणी ओसरायच्या आतच तू काढलंस.

"आता परत लावू."

"वहिनी, वेडी झालीस का? दादा जाता जाता राहिला."

"झाकण नको. ते माझं चुकलं. आधी फोनची अक्षरं दाखव, मग मागून आपली आण. आली तर आली."

"मग अक्षरं बदलताना ओळी उड्या मारतात. म्हातारा माणूस एका बातमीवर बोट ठेवतो आणि दुसरीच उघडते. नकोच ती भानगड. लोकांना वाचता येतंय ना?"

"वाचता येतंय, पण आपलं दिसत नाही."

"कोणाला? तुला! आम्हाला तर इथं सगळं असंच दिसत आलंय. आमची मराठी अशीच आहे, हिंदीला खेटून. ती काय कमी आहे का?"

तू तो जुना फोन माझ्यापुढे सरकवलास. मग हळू म्हणालीस, "कमी नाही म्हटलं मी. पण गावाचं नाव तरी मोडू नये ना?"

त्या दिवसापासून तू त्या फॉन्टला कात्री लावायला बसलीस. आपल्याला न लागणारं सगळं काढून टाकायचं, इंग्रजी अक्षरं, परकी चिन्हं, कधीच न येणारी जोडाक्षरं. फाइल हलकी झाली की ती बारीक नेटवरही जाईल. मी म्हणायचे, हे ऱ्ह पण काढ, चार शब्दांत येतं. तू म्हणायचीस, "त्यातला एक शब्द बुऱ्हाणपूर आहे." पत्रिकांची कामं पडून राहायची आणि तू तेच करत बसायचीस. मला राग यायचा. भीतीही वाटायची. पुन्हा फोन वाजेल आणि पुन्हा कोणी म्हणेल, कोरं आहे.

मग घराघरात ताप शिरला. पुरानंतर येतोच. तुला आला तेव्हा दोन दिवस तू अंगावरच काढलास. दवाखान्यात नेलं तेव्हा प्लेटलेट खाली गेल्या होत्या. तरी तू बोलत होतीस, फोन मागत होतीस. नर्सनं सुई लावताना तुझं बोलणं ऐकून विचारलं, "आप महाराष्ट्र की हो क्या?" तू म्हणालीस, "नहीं, यहीं की हूँ. बुऱ्हाणपूर की."

मी पाण्याची बाटली हातात धरून शेजारी उभी होते. मी ऐकलं, वहिनी. तू माझ्याकडे बघितलंही नाहीस, सहज बोललीस. मला वाटलं, घरी गेल्यावर चिडवीन तुला.

संध्याकाळी तू मला तुझा कातरलेला फॉन्ट फोनवर दाखवलास. "बघ, अजून उडी मारतंय."

"झोप आता. अक्षरं कुठं पळून जात नाहीत."

"अक्षरं नाही पळत गं. ओळ पळते." मग डोळे मिटून विचारलंस, "खरं सांग. तुला खरंच फरक दिसत नाही? ल मधला?"

मी म्हटलं, "नाही दिसत."

खरंच दिसत नव्हता. तू मान हलवलीस, जशी एखाद्या गिऱ्हाइकाला प्रूफमधली चूक दिसली नाही की हलवायचीस. दुसऱ्या दिवशी तू बोलायच्या पलीकडे गेलीस, आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी आम्ही तुला घाटावर नेलं.

तुझी ईशा इंदूरहून आली, तेरावा होईपर्यंत राहिली. जाताना मला म्हणाली, "आत्या, मम्मीचा फॉन्ट लगा देना. प्लीज. पण पान कोरं नको दिसायला." तुझी मुलगी आहे. तिला दोन्ही पाहिजे.

मी तुझ्या कॉम्प्युटरवर बसले. तू जवळजवळ सगळं संपवलं होतंस. फाइल इतकी हलकी केली होतीस की मला विश्वास बसेना. राहिली होती ती उडीच. ती तुझ्या बाजूनं सुटणारी नव्हती, माझ्या बाजूनं सुटणारी होती. तुझ्या फॉन्टची अक्षरं फोनच्या अक्षरांपेक्षा जरा अरुंद आहेत आणि त्यांच्या वेलांट्या, मात्रा जास्त उंच जातात. मी फोनच्या अक्षरांनाच सांगितलं, तुझ्या अक्षरांएवढीच जागा घ्या, तेवढंच अंतर सोडा. मग जुन्या फोनवर मुद्दाम नेट बारीक करून उघडलं. आधी फोनची अक्षरं आली, लगेच, कोरं पान एकदाही दिसलं नाही. मग कळेल न कळेल अशी तुझी आली. ओळ जागची हलली नाही. नेट पूर्ण बंद करून पाहिलं, चालू करून पाहिलं, पुन्हा पुन्हा. मग पान चढवलं.

आणि वहिनी, आता मला दिसतो. बसवर, दवाखान्याच्या बोर्डावर, केळीच्या गाड्यांच्या मागे, सगळीकडे दांडीचा ल दिसतो. डोळे मिटायची सोय नाही. मला अजूनही वाटतं की तो काही परका नाही, तोही इथलाच आहे. यावर तुझ्याशी भांडायचं राहिलंय. पण तुझा वेगळा आहे, हे आता मला दिसतं.

काल सकाळी बहादरपूरच्या त्याच शेतकऱ्याचा फोन आला. दादा दुकानात होता. आजकाल तो येऊन बसतो, पेपर चाळतो.

"ताई, तुमच्या पानाचं काहीतरी बिघडलंय. ल उलटाच दिसतोय. आणि श ला काय झालं?"

"बिघडलं नाही, भाऊ. तो मराठी ल आहे."

"पर असा कुठं असतो? आमच्या पोरांच्या पुस्तकात तो असा नाही."

"पुस्तकं हिंदी आहेत म्हणून. आपलं पान मराठी आहे."

"अहो, लोकांना समजेल असं लिहा ना."

"वाचता येतंय ना तुम्हाला? पाणी सोडलं, भाव पडला, सगळं समजतंय ना? मग ल तसाच राहील."

माझा आवाज जरा चढला असावा. त्यानं बरं बरं म्हणून फोन ठेवला. मी वळले तर दादानं पेपर खाली ठेवला होता.

"ल मध्ये काय फरक असतो?" त्यानं विचारलं.

मी खुर्ची त्याच्याकडे वळवली.

"तिनं दाखवलं असेल मला," तो म्हणाला. "मी हो हो म्हटलं असेल. दाखव."

मी टेबलावरच्या एका रद्द झालेल्या पत्रिकेच्या मागे काढून दाखवला. दोन पाकळ्या, मध्ये देठ. त्यानं पेन घेतलं. पहिला दांडीचाच झाला. दुसरा वाकडा. तिसऱ्यांदा त्यानं फार सावकाश काढला, जीभ दातांत धरून, आणि तो बरोबर आला. मग त्यानं कागद माझ्याकडे सरकवला.

"आणि श?"